ओहोटीबाबांचे तीन मीटर

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे. तिथलं पाणी भर ओहोटीत दुप्पट खोल करून दाखवतो, असं ओहोटीबाबांनी जाहीर केलं होतं. त्यांच्या भरवशावर माझा दादा आपली मोठी बोट आत्ताच त्यावरून नेणार होता. तिला दोन मीटर पाणी लागतं. वहिनी आणि दोन्ही मुलं बोटीत जाऊन बसलीसुद्धा. बोट वाळूत रुतली तर बाहेरच्या लाटा तिला आडवी करणार, हे मला दिसत होतं. दादाला फक्त बाबा दिसत होते.

आधी होडीतून चाचणी ठरली. होडीत बाबा, दादा आणि मी. गावातल्या होड्यांवरची पाण्याची खोली मोजायची यंत्रं मीच दुरुस्त करते, म्हणून मला घेतलं. नाहीतर माझं तोंड कुणाला हवंय?

उंचवट्यावर पोचलो. होडीतल्या यंत्राच्या पडद्यावर आकडा आला, दीड मीटर.

बाबांनी यंत्रावर शाल टाकली आणि आत हात घातला. "सागरा, पोट आत घे. अजून घे. लाजू नकोस."

शाल काढली, तर तीन मीटर. दादाने धक्क्याकडे तीन बोटं दाखवली आणि तिकडे जयजयकार उसळला.

"दादा, दोरीला पाना बांधून सोडून बघू."

"यंत्र आल्यापासून दोरी कोण टाकतं?"

"दोरीला कृपा मोजता येत नाही, बाळ," बाबा म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मी सरळ पाण्यात उतरले आणि तळावर उभी राहिले. पाणी गळ्यापर्यंत होतं.

"दादा, मी तीन मीटर उंच कधी झाले?"

"भक्ताला सागर उचलून धरतो," बाबा घाईघाईने म्हणाले.

"मग तुम्हीही या." त्यावर त्यांना एकदम आपली सर्दी आठवली.

मी होडीत चढले आणि दादाला समजावलं. "यंत्र खाली आवाज सोडतं. तो तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून खोली काढतं. उथळ पाण्यात तोच आवाज वर पाण्याच्या पृष्ठभागाला आपटून पुन्हा तळाला जातो, पुन्हा येतो. बाबांनी शालीखाली यंत्राला सांगितलं, दोन मीटरच्या आतलं ऐकू नकोस. मग पहिली खेप गेली वाया, मोजली दुसरी. याला तपश्चर्या नाही, अंगठा लागतो."

दादाचाच अंगठा मी बटणावर ठेवला. त्याने फिरवलं. दीड. तीन. पुन्हा दीड.

"खाली उतरा," तो बोटीकडे बघून वहिनीला ओरडला. "भरती येईपर्यंत मुलांना घेऊन धक्क्यावर थांब."

तुम्हालाही कुणी चमत्कार दाखवला, तर तो दुसऱ्या साधनाने मोजून बघा. जो मोजू देत नाही, त्याच्या शब्दावर आपली माणसं बोटीत बसवू नका.