मुठीतला चीजचा खडा

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आर्डिसने बाण मारून मारून कागदाला एकेचाळीस भोकं पाडली होती, आणि त्यातलं एक धड असेल तर शपथ!

कागद म्हणजे हरणाचं मांस बांधून फ्रीझरमध्ये टाकतात तो, पांढरा, जाड. रिकाम्या गोठ्याच्या मधल्या वाटेत, दोन खांबांच्या मध्ये तिने तो ताणून टांगला होता. हिशोब सोपा. बाण सरळ गेला, तर कागदाला एक गोल भोक पडतं आणि त्याच्या कडेला पिसांच्या तीन चिरा. बाण शेपूट हलवत गेला, की कागद फाटतो. आर्डिसचा कागद दर खेपेला डावीकडे चांगला बोटभर फाटत होता.

"अगं सटवे, सरळ जा की!" ती बाणावर ओरडली. बाणाला काय त्याचं.

आणि वेळ कुठे होता? उद्या पहाटे शिकारीचा हंगाम उघडणार होता. त्याआधी आज पाच वाजता ताटली.

ताटलीचा दंडक तिच्या बापाने, म्हाताऱ्या क्वामेने घातलेला. त्याने एका साली घाईघाईत तयार केलेल्या धनुष्याने हरिणी जखमी केली, दोन दिवस कडेकपारीत रक्ताचा माग काढला आणि हात हलवत परत आला. चार दिवस तो नीट जेवला नाही. तेव्हापासून हंगामाच्या आदल्या संध्याकाळी गोठ्यामागे वीस यार्डांवर कागदी ताटली लागते आणि प्रत्येकाने शिकारी पात्याचे तीन बाण मारायचे. तिन्ही ताटलीत, तरच जंगल. एक जरी बाहेर गेला, तर एप्रन बांधायचा आणि सगळ्यांसाठी रांधायचं. कुरकुर चालत नाही.

आर्डिसने दोन वर्षं एप्रन बांधला होता. पहिल्या वर्षी खांद्याचा स्नायू फाटला म्हणून आणि दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी तो शिवला म्हणून. यंदा वसंतात गाई विकल्या आणि तिने ओढायला हलकं असं नवंकोरं कंपाउंड धनुष्य घेतलं, दोन्ही टोकांना चाकं असलेलं. उन्हाळाभर ती डोंगरमाथ्यावरच्या ओकखाली एका हरणाला बघत होती. डावं शिंग खाली वाकलेलं. त्याचं नावच पडलं होतं वाकड्या. तिला वाकड्या हवा होता, इतका हवा होता की रात्री झोपेत तिची बोटं दोरी ओढायची. आणि आज ती हरली तर ओकवरच्या मचाणावर तिचा धाकटा भाऊ ऑर्व्हिल चढणार होता. तो तर गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसलेला.

एकच्या सुमारास तो आलाच. उंबऱ्यात उभं राहून त्याने कागद पाहिला आणि शीळ घातली.

"काय गं, उंदीर लागले का कागदाला?"

"तू लावून दिलंयस ना हे धनुष्य? मग ते असंच वागणार!"

"आण इकडे." ऑर्व्हिलने धनुष्य घेतलं. बाण टेकतो ती खुंटी त्याने मागच्या आठवड्यातच बसवून तिथे पेन्सिलीची बारीक रेघ मारली होती. आर्डिसने खुंटी कितीतरी सरकवली होती. त्याने ती पुन्हा रेघेवर आणली, दोरी ओढली, सोडली. फट्! कागदाला सुबक गोल भोक, तीन चिरा.

आर्डिसचं तोंड कडू झालं.

"नाचता येईना म्हणे अंगण वाकडं," ऑर्व्हिल म्हणाला. "खांदा अजून कच्चा आहे तुझा, आर्डिस. पुढच्या वर्षी बघ. यंदा मिरची घातलेला मटणाचा रस्सा कर, छान करतेस."

"नीघ! नीघ इथून, नाहीतर तुलाच ताटली करीन!"

तो हसत हसत गेला. ती मात्र रडकुंडीला आली. खरंच खांदा असेल का? तिने रेघेवरूनच एक बाण मारला. कागद टर्रकन डावीकडे फाटला. मग हट्टाने तिने पुन्हा खुंटी सरकवायला घेतली, केसाकेसाने. दोन वाजता फाट जरा कमी झाली, तेव्हा तिने शिकारी पातं लावून बाहेर गवताच्या गठ्ठ्यावर मारून पाहिलं. साध्या टोकाचा बाण मध्यावर, आणि पात्याचा वीतभर उजवीकडे. रुंद पात्याला वारा धरतो. बाणाची जराशी खोड असली तरी पातं ती चव्हाट्यावर आणतं.

तीन वाजता ऑर्व्हिलची बायको बेव्ह आली ती चीजच्या कारखान्यातून, हातात पिशवी. सकाळीच तयार झालेले चीजचे खडे, अजून कोमट. हे खडे आजच्या आज खावेत. ताजे असले की दाताखाली चुंई करतात, उद्या मुके होतात.

"खा आधी," बेव्ह म्हणाली. "उपाशीपोटी कसला नेम लागतोय! आणि तुझ्या भावाचं मनावर घेऊ नकोस. एप्रन मी इस्त्री करून आणलाय, तो त्याच्या मापाचाही होतो."

आर्डिस हसली. दोन खडे तोंडात, एक डाव्या हाताच्या बोटांत. ठेवायला जागा नव्हती म्हणून तो खडा तसाच धरून तिने धनुष्य उचललं आणि बाण सोडला. कागद डावीकडे फाटला, नेहमीसारखा. ती खडा खायला गेली, तर खडा कुठाय?

धनुष्याच्या मुठीवर तो पोळीसारखा चपटा होऊन चिकटला होता.

"बेव्ह," ती हळूच म्हणाली, "मी दाबलं का गं हे?"

"मग काय भुताने दाबलं?"

आर्डिस आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली. तिला वाटत होतं, हात सैल आहे. चाळीस वर्षं, सकाळ-संध्याकाळ, बावन्न गाई. यंत्र लावायच्या आधी प्रत्येक सडाच्या पहिल्या धारा हातानेच काढायच्या. हातात काही आलं की मूठ आपोआप आवळायची, तिला विचारायचीच नाही. आवळली की धनुष्य पिळायचं आणि बाणाची शेपूट फेकली जायची. गव्हाणींवर अजून पाट्या होत्या: डेझी, लिंडी, म्हातारी क्लोव्हर. गाई गेल्या होत्या आणि मूठ राहिली होती. तिला क्षणभर भरून आलं, मग एकदम हसूच फुटलं.

"दे, दुसरा खडा दे! लवकर!"

खडा बोटांच्या आणि धनुष्याच्या मुठीच्या मध्ये. तो चेपू द्यायचा नाही. धनुष्य नुसतं अंगठ्याच्या बेचक्यात टेकवायचं, धरायचं नाही. फट्! कागद फाटला, पण उजवीकडे!

"उजवीकडे!" आर्डिसने गोठाभर उड्या मारल्या. "बेव्ह, उजवीकडे फाटला गं!"

"यात नाचण्यासारखं काय आहे?"

"अगं, खुंटी मी सरकवली ना! हाताची खोड खुंटीने झाकत होते मी!" तिने चावी घेतली आणि खुंटी परत आणायला लागली. आणता आणता ती कुठे येऊन थांबली? थेट पेन्सिलीच्या रेघेवर. "मेला ऑर्व्हिल!" ती म्हणाली, आणि बाण सोडला.

गोल भोक. तीन चिरा.

मग गवताच्या गठ्ठ्यावर एक साधं टोक आणि एक शिकारी पातं. दोन्ही बाण इतके जवळ बसले की पिसं पिसांना घासली. बेव्हने टाळ्या पिटल्या.

पाच वाजता ताटली लागली. ऑर्व्हिलने तीन मारले, तिन्ही आत, आणि वर मिशीला पीळ दिला. मग त्याचं लक्ष आर्डिसच्या हातातल्या चीजच्या खड्याकडे गेलं.

"हे काय? खाऊन घे आधी."

"नंतर खाईन."

पहिला बाण आत. दुसरा काठावर, पण आत. बेव्हने जवळ जाऊन बघितलं आणि "आतच!" म्हणून ओरडली. तिसऱ्याला आर्डिसने दोरी ओढली, आणि मूठ निघाली आवळायला. तिला ते कळलं. बोटाखाली कोमट, मऊ खडा होता. 'अंहं,' ती हाताला म्हणाली, 'दूध काढून झालंय.' बोटं सैल पडली. बाण गेला.

ताटलीच्या बरोब्बर मध्यावर.

बेव्हने किंकाळी फोडली. ऑर्व्हिल एकदा ताटलीकडे, एकदा बहिणीकडे बघत राहिला आणि मग त्यालाही हसू आवरेना. "मग उद्या रांधणार कोण?"

"माझ्याकडे बघू नका," बेव्ह म्हणाली. "मी उद्या बहिणीकडे चाललेय." आणि तिने एप्रन गोठ्याच्या खिळ्याला अडकवून टाकला.

"ऑर्व्हिल," आर्डिस म्हणाली. "तुझी रेघ बरोबर होती. माझी मूठच चुकत होती."

"वाकड्याला माझा नमस्कार सांग," ऑर्व्हिल म्हणाला आणि बाण उपटायला गेला.

आर्डिसने हात उघडला. खडा अख्खा होता, वर बोटाचा वळसुद्धा नव्हता. तिने तो तोंडात टाकला. चुंई असा आवाज झाला, आणि तो एवढा मोठा की ताटलीपाशी वाकलेल्या ऑर्व्हिलने वळून पाहिलं.