घासलेलं खापर

माझी सून शिल्पा हिचं पदवीचं शेवटचं सत्र राहून गेलं. कॉलेज धुळ्याला, विषय गृहविज्ञान, आणि त्या सगळ्या महिन्यांत ती इथे जळगावला, मेहरूणच्या घरी माझ्या बायकोच्या उशाशी बसून होती. रुक्माबाईला उठता येत नव्हतं. दिवाळीच्या आधी रुक्माबाई गेली. सत्रही गेलं.

नंतर कॉलेजातून निरोप आला की, वर्गाबाहेर शिकलेल्या कामालाही आता क्रेडिट मिळतात. काय शिकलात ते करून दाखवायचं. परीक्षकांना पटलं तर ते पदवीत धरलं जातं. शिल्पाला याची गरज होती. स्वयंपाक आणि केटरिंग शिकवणाऱ्या एका संस्थेनं तिला शिक्षिका म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं, पण जूनच्या आत पदवी हवी होती. नाहीतर ती जागा दुसऱ्या कोणाची.

"दाखवणार काय तू?" माझ्या मुलानं, आकाशनं विचारलं.

"मांडे."

आकाश हसला. "मांड्यांची डिग्री?"

"खाताना नाही हसत तुम्ही," ती म्हणाली.

मांडा म्हणजे आमच्याकडची खापरावरची पुरणपोळी. पोळपाट-लाटण्याचं काम नाही. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत ताणायचा आणि पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा. खाली लाकडांचा जाळ. शिल्पा हे शिकली ती रुक्माबाई आजारी पडल्यावर. तिची खाट आम्ही मागच्या दाराशी आणून ठेवली होती. समोर अंगणात चूल. खाटेवरून ती शिल्पाला आणखी ताणायला सांगत ओरडायची, "आखो ताण! फाटनं तं फाटू दे!" जाळ माझ्याकडे असायचा, म्हणून मलाही सोडायची नाही. "आकाशना बाप, इस्तो कमी करा. हाई होळी नही शे!"

आता ते ओरडणं ऐकू येत नाही. घरात फार शांत वाटतं. एवढंच लिहितो.

परीक्षेला मदतनीस चालणार होता, फक्त जाळासाठी आणि ओझ्यासाठी. कणकेला त्यानं हात लावायचा नाही. आकाशची कंपनीत पाळी होती, म्हणून मी निघालो. खरं तर पाळी नसती तरी मीच निघालो असतो.

आदल्या दिवशी दुपारी शिल्पा आत पुरण वाटत होती. मी खापर बाहेर काढलं. वरून तेलकट काळं, आतून काजळीनं काळं. मी एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होतो. गाडी पासिंगला न्यायची असली की इंजिनसुद्धा पुसून चकचकीत करायचो. तपासणीला कळकट वस्तू नेऊ नये हे माझ्या अंगात भिनलेलं. मागच्या नळाखाली बसलो, साबणाची पावडर घेतली, तारेचा ब्रश घेतला आणि खापर घासलं. आतून बाहेरून. मातीचा मूळचा लाल रंग दिसायला लागला तेव्हा मला फार बरं वाटलं. वाळवून रुक्माबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि गाठ मारून ठेवलं. शिल्पाला म्हटलं, "खापराची काळजी सोड. मी बांधलंय."

एसटीत ते गाठोडं मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर आला.

"आबा, हाई काय शे? नातू?"

"खापर शे."

"मंग तिकीट नही. पन रडनं तं तुम्हीच पहा."

शिल्पा खिडकीशी बसून हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू. एरवी पारोळ्यापर्यंत ती ओठ चावत होती.

कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत चुलीची सोय केली होती. तिथला वॉचमन निंबा लाकडं घेऊन आला. परीक्षक होत्या दिपमाला मॅडम. मध्यम वयाच्या, चष्मा, सुती साडीचा पदर खोचलेला. त्यांनी आधी बसवून चार प्रश्न विचारले.

"शिकलीस कोणाकडे?"

"सासूबाईंकडे."

"त्यांचं शिक्षण?"

शिल्पानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चौथी."

"पास?"

"परीक्षेला बसलीच नाही. त्या दिवशी घरी मांडे होते."

मॅडम हसल्या, पण लिहिलं काही नाही. "बरं, लावा चूल. दुपारनंतर दुसरा उमेदवार आहे, तोवरच वेळ आहे."

मी लुगड्याची गाठ सोडली. खापर उन्हात नव्या कौलासारखं लाल दिसलं. मी शिल्पाकडे बघितलं, शाबासकीच्या आशेनं.

ती बघतच राहिली. "आबा, हे काय केलं?"

"चकचकीत केलं."

"कशानं?"

"साबणानं. ब्रशनं."

तिनं खापरावरून बोट फिरवलं. मला वाटलं कौतुकानं फिरवतेय. खरंच वाटलं.

जाळ लागला. तिनं गोळा घेतला, हातांवर झेलला, ताणला. सुंदर ताणला. खापरावर टाकला आणि तो तिथेच बसला. उलटायला गेली तर अर्धा हातात आला, अर्धा मातीला चिकटून राहिला. पुरण जळून धूर निघाला. शिल्पानं उलथन्यानं खरवडलं तर आणखी लगदा झाला.

मॅडम जवळ आल्या. खापराकडे वाकून पाहिलं, नाकानं वास घेतला.

"खापर कोणी घासलं?"

मी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"साबण?"

"हो."

"अहो भाऊ, मी जामनेरची. खापराला साबण लावला असता तर आमच्या आईनं मला घराबाहेर काढलं असतं. मांडा मातीवर भाजत नाही, त्या तेलावर भाजतो. वर्षानुवर्षांचं मुरलेलं तेल असतं ते."

तेव्हा कुठे मला कळलं मी काय केलं. रुक्माबाई मांडे करून झाले की गरम खापरावर तेलाचं फडकं फिरवायची. दर वेळी. मी ते समोर बसून बघत आलो होतो आणि त्याचा अर्थ कधी विचारला नव्हता. तिच्या हातचं एवढं सगळं तेल मी एका दुपारी नळाखाली सोडून दिलं होतं. आणि वर पोरीचं वर्ष.

"मॅडम," मी म्हटलं, "चूक माझी आहे. तिला दुसऱ्या दिवशी येऊ द्या."

"दुसरा दिवस नाही, भाऊ. यादी आजचीच आहे."

शिल्पा चुलीसमोर उकिडवी बसून होती. मला वाटलं रडतेय. तिनं मान वर केली तर डोळे कोरडे. "निंबाभाऊ, एक कांदा मिळेल? आणि इथे गाय कुठे असते?"

निंबा गोंधळला. "कांदा मिळीन. गाय तं हायवेवर उभ्या राहतस. पन परीक्षा कसानी शे तुमनी?"

"पहिला मांडा गाईचा असतो," शिल्पा म्हणाली. "आमच्याकडे पहिला माणसानं खायचाच नाही. खापर नवं असलं तर दुसराही गाईचा. आता हे नवंच झालंय." मग माझ्याकडे वळून, "आबा, इस्तो कमी करा. होळी नाही ही."

ती हे मुद्दाम बोलली की तोंडातून गेलं, मला माहीत नाही. मी दोन लाकडं ओढली. धूर डोळ्यात गेला, तो बरा गेला.

कांदा अर्धा कापून तिनं उलथन्याच्या टोकाला खोचला, तेलात बुडवला आणि तापलेल्या खापरावर घासत राहिली. खापर तेल पितं, सुकतं, पुन्हा तेल. मॅडम खुर्ची सोडून चुलीजवळ येऊन बसल्या. मध्येच म्हणाल्या, "कडेला राहिलंय बघ." मग स्वतःच म्हणाल्या, "मी बोलायचं नाही खरं तर." खापराचा लाल रंग हळूहळू तपकिरी झाला. तिनं पुरण न भरता नुसती कणीक ताणून टाकली. ती डागाळली, पण सुटली. निंबा ती आणि आधीचा लगदा घेऊन फाटकाबाहेर गेला.

"आता," शिल्पा म्हणाली.

गोळा हातावर आला. या हातावरून त्या हातावर. मनगटाच्या पुढे, मग कोपरापर्यंत. मध्ये एके ठिकाणी उजेड दिसायला लागला. तिथे रुक्माबाई काय म्हणाली असती ते मला माहीत होतं, आणि मी बोलायचं नव्हतं, म्हणून मी लाकडाकडे पाहत बसलो. शिल्पानं आणखी ताणला. फाटला नाही. खापरावर पडला, फुगे आले, आणि तिनं तो अख्खा उलटला.

निंबा परत आला होता. "गायनी बठ्ठं खाई टाकं," त्यानं कळवलं आणि मांड्याकडे बघत विचारलं, "आते मना नंबर कवय?"

मॅडमनी मांडा मोडला, उन्हात धरून पाहिला, खाल्ला. तूप मागितलं नाही. मग चष्मा पुसत शिल्पाला म्हणाल्या, "सगळं नीट झालं असतं तर मी पाठांतर समजले असते. बिघडलेलं खापर ताळ्यावर आणलंस, म्हणजे शिकलीस. पूर्ण क्रेडिट देतेय. कागद जूनच्या आत मिळेल, मी बघते."

शिल्पा त्यांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी मधेच धरलं. "हात तेलकट आहेत तुझे, साडी नवी आहे माझी." मग माझ्याकडे वळल्या. "आणि भाऊ, तुम्हाला शून्य."

"मान्य आहे," मी म्हटलं.

परतीच्या गाडीत उरलेल्या पुरणाचे केलेले मांडे डब्यात होते आणि कोमट खापर माझ्या मांडीवर, निंबानं दिलेल्या गोणपाटात. लुगडं शिल्पानं घडी करून स्वतःच्या पिशवीत ठेवलं होतं. आकाशला फोन लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "झाली तुमची मांड्यांची डिग्री." तिकडून तो काय ओरडला ते मागच्या सीटवरच्या बाईलाही ऐकू गेलं.

एरंडोलच्या पुढे मी म्हटलं, "शिल्पा, मला शिकवशील? ताणायला नाही जमणार. निदान खापर राखायला."

"शिकवेन की. पण प्रवेश परीक्षा आहे."

"काय?"

"खापर दिसलं की हात मागे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीचा पंचा धुवायला साबणाची पावडर शोधत होतो. मोरीत नव्हती, स्वयंपाकघरात नव्हती. शेवटी दिसली. माळ्यावर, पाहुण्यांच्या गाद्यांच्याही मागे ठेवलेली.

मी ती तिथेच राहू दिली. पंचा नुसत्या पाण्यानं धुतला.