लाडकीच्या उखळाचे ठोके

घण फुटला तो नेमका सदतिसाव्या घावाला. अर्धं लोखंड घाव झेलणाऱ्या लोखंडी पत्र्यावर पडलं, अर्धं करवंदीच्या जाळीत गेलं, आणि मदतीला आलेला अंकुश हातात नुसता दांडा घेऊन उभा राहिला.

"मॅडम, गेला तो."

"दिसतंय मला," म्हणत मेघाली मटकन खाली बसली.

चिंचणीच्या चिकूवाडीत वाढलेली ही पोरगी. परदेशात तिने दहा वर्षं एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता: वायूच्या विहिरीत दाबाने पाणी घालून खडक फोडतात, तेव्हा जमीन का हादरते? आता तोच प्रश्न ती घरी घेऊन आली होती. डोंगरातल्या या पाड्यालाही अधूनमधून धक्के बसत. इथे ना विहीर, ना पाणी दाबणारं कुणी. मग भेगांत मुरणारं पावसाचं पाणीच हे करतं का? ते शोधायचं तर आधी खालच्या खडकाचं चित्र हवं. त्यासाठी जमिनीवर घण हाणायचा आणि खालून परत येणारा कंप रांगेने रोवलेल्या, तारेने यंत्राला जोडलेल्या चोवीस खुंट्यांनी टिपायचा. शेवटची रांग लाडकीमावशीच्या अंगणातून जात होती, आणि खुंटे उद्या सकाळच्या टेम्पोने संशोधन संस्थेत परत जायचे होते. ही रांग राहिली, तर चित्र मधोमध फाटकं!

"बोईसरहून दुसरा आणू?"

"शुक्रवार आहे, अंकुश. बोईसरची साप्ताहिक सुट्टी. तुझ्या कारखान्याला सुट्टी, तशी सगळ्या वर्कशॉपांना सुट्टी."

मग पहार हाणून पाहिली, धोंडा टाकून पाहिला. ठोके एकमेकांवर घालायचे, म्हणून सगळे सारखे हवेत; पण एक ठोका दुसऱ्यासारखा येईल तर शपथ!

तेवढ्यात लाडकीमावशीच्या झोपडीतून आवाज आला. धप्प. धप्प. धप्प.

मेघालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यंत्र सगळंच टिपतं म्हणून तीन दिवस तिने पाड्यातलं कांडण बंद ठेवलं होतं. ती तरातरा आत गेली. "मावशी! थांबा म्हटलं होतं ना?"

लाडकीने मुसळ खाली ठेवलंच नाही. "घण फुटला नं तुजा? मंग तुजं काम सपलं. माजं कदी व्हायचं? परवा माज्या लेकीचं, सपनाचं लगीन हाय. लगनाला गिरनीचा तांदूळ चालत नाय, बाय."

"मॅडम!" बाहेरून अंकुश ओरडला. "मशीन चालूच हाय. हे बघा तरी!"

पडद्यावर ठोके उमटत होते. सगळे एकसारखे, जुळ्या भावंडांसारखे. मेघाली आ वासून बघत राहिली. उखळ गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेलं, आणि मुसळ पडतंय तालात. असा घण तिला कुठल्या बाजारात मिळणार होता? ठोका नेमका कधी पडतो ते टिपायला तिने पळत जाऊन उखळाशेजारी एक खुंटा ठोकला.

"मावशी, आता अजिबात थांबू नका!"

"आत्ता थांब, आत्ता नको थांबू! येडी का खुळी तू?" लाडकी खो खो हसली. शेजारची चिमी आणि सपना, दोघी पुढे आल्या, मुसळं आळीपाळीने पडू लागली.

"गानं चालंल का?" चिमीने विचारलं.

"गाणं चालेल. नाचू नका फक्त!"

ऊन कलेपर्यंत कांडण चाललं. मेघालीला इतका आनंद परदेशातल्या लाखमोलाच्या यंत्रांनीही दिला नव्हता. शेवटी पडद्यावर एक जाड काळी रेघ उमटली.

"हा कातळ. तुमच्या घराखाली सलग आहे."

"मंग धरनी हलायची थांबंल?"

"ते मला अजून नाही सांगता येत, मावशी. शोधतेय."

लाडकीने मान डोलावली. "यात माजा ठोका कंचा?"

"एकटा दिसत नाही. तिघींचे स्वच्छ उमटलेले तीनशे बारा ठोके एकमेकांवर घातले, तेव्हा ही रेघ आली."

मेघालीने नोंदवही उघडली. ठोक्याच्या साधनापुढचा 'घण' खोडून तिने लिहिलं, 'मुसळ'. पुढे लाडकीचं नाव लिहिलं, चिमीचं लिहिलं.

"सपनाचं बी लिव," लाडकी हळूच म्हणाली. "परवापासनं ती या उखळावर नसंल."

मेघालीने सपनाचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं. लाडकीला वाचता येत नव्हतं. तिने ती अक्षरं डोळे भरून बघितली, नाक पुसलं आणि लेकीला हाक मारली. टोपलीत कांडायचं अजून निम्मं भात शिल्लक होतं.