शूटिंग संपल्यावर

प्रीती पहिल्यांदा कळव्याला आली, तेव्हा भगवानदादांनी तिला दारातच सांगितलं, "बाई जाऊन चार वर्षं झाली. आता इथं गाणारं कोणी नाही. तुम्ही दुसरीकडं बघा."

"मला त्यांच्याबद्दलच ऐकायचंय, काका," ती म्हणाली. "माझी आई कल्याणला त्यांच्या कार्यक्रमाला जायची. अजून सांगते, भीमाबाई उभ्या राहिल्या की बाया पोरांना गप्प करायच्या."

भगवानदादांनी तिला आत घेतलं. खारेगावच्या बाजूला बैठ्या चाळीतली त्यांची खोली. बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्यांच्या बाजूला भीमाबाईंचा. कोपऱ्यात खोळ घातलेली ढोलकी. भीमाबाईंची गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नाला, बारशाला त्या भीमगीतं गायच्या आणि ढोलकीवर नवरा असायचा. दादा दिवसा कंपनीत कामाला जायचे आणि पार्टी असली की ढोलकी खांद्याला. भीमाबाई गेल्या आणि ढोलकीला खोळ चढली. मुलगा राजरत्न पुण्याला नोकरीला, रविवारी फोन करायचा. दादांना तक्रार अशी काही नव्हती. फक्त कधी कधी दुपारी लक्षात यायचं, की सकाळपासून आपण कोणाशी एक शब्दही बोललेलो नाही.

प्रीतीला भीमगीतं गाणाऱ्या बायांवर डॉक्युमेंटरी करायची होती. पण दादांचं बोलणं ऐकता ऐकता तिचा बेत बदलला आणि फिल्म एकट्या भीमाबाईंवर करायचं ठरलं. मग ती आणि तिचा कॅमेरामन सलिल येत राहिले. सलिल कमी बोलायचा. आला की आधी पंखा बंद करायचा, कारण आवाज पकडला जायचा.

"तुम्ही फक्त बोला काका," प्रीती समोर जमिनीवर मांडी घालून बसायची. "आम्ही नाहीच इथं असं समजा."

दादांना ते कसं जमणार? ती दोघं आहेत म्हणून तर ते बोलत होते. भीमाबाई गायला उभ्या राहण्याआधी पदर कमरेला घट्ट खोचायच्या. पेटीवाला उशिरा आला तर नुसत्या ढोलकीवर सुरुवात करायच्या. एकदा भर सभेत लाइट गेली आणि माईक बंद पडला, तरी मैदानाच्या टोकापर्यंत त्यांचा आवाज गेला. दादा सांगत सुटायचे. आदल्या दिवशी काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवायचे, दाढी करायचे, सुकटीची चटणी करून ठेवायचे. प्रीतीला ती फार आवडायची. भाकरीबरोबर खाताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण थांबायची नाही.

शेजारची वैशाली म्हणाली, "दादा, हल्ली तुमच्याकडं रोज पाव्हणे. तोंडावर तेज आलंय बघा."

एक अडचण होती. भीमाबाई गातानाचं हलतं चित्र कुठंच नव्हतं. घरातल्या कॅसेटींना बुरशी लागलेली. फोटो होते, पण फोटोत तोंड उघडं आणि आवाज नाही. प्रीती शोधत राहिली. शेवटी उल्हासनगरच्या एका कुटुंबाकडं जुन्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट निघाली. ती तिनं दुरुस्त करून घेतली आणि एका सकाळी लॅपटॉप घेऊन आली.

"काका, एक दाखवायचंय. कॅमेरा चालू ठेवते हं."

"ठेव की," दादा म्हणाले. कॅमेऱ्याची त्यांना सवय झाली होती.

पडद्यावर आधी मांडव, खुर्च्या, जेवणाची पंगत. मग एकदम भीमाबाई. हिरवी साडी, पदर खोचलेला, एक हात कानावर. मागं अर्धा कापला गेलेला, काळ्या केसांचा एक ढोलकीवाला त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघतोय. गाता गाता भीमाबाईंनी मान वळवली आणि त्याला हनुवटीनं खूण केली. लय वाढव.

दादांचा हात पडद्यापर्यंत गेला. मग त्यांना हुंदका आवरेना. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. सलिल हळूच दोन पावलं सरकला आणि कॅमेरा बाजूनं त्यांच्या चेहऱ्यावर आला.

फिल्म पुरी झाली तेव्हा पहिला खेळ ठाण्याला, नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये ठेवला होता. रविवारची दुपार. राजरत्न सुनेला घेऊन पुण्याहून आला. दादांनी नवा पांढरा शर्ट घातला होता. हॉल भरला. मागं लोक उभे होते. प्रीतीनं दादांना पहिल्या रांगेत बसवलं.

त्यांनी मोठ्या पडद्यावर आपली खोली पाहिली, आपले हात पाहिले. आपण एवढं बोललो, पण त्यातलं थोडंच ठेवलंय, हेही पाहिलं. मग ती लग्नाची क्लिप आली. भीमाबाई भिंतीएवढ्या मोठ्या. दादा पुढं वाकले. भीमाबाईंनी वरचा सूर लावला, आणि चित्र बदललं. सूर तसाच चालू होता, पण पडद्यावर एक म्हातारा भिंतीला तोंड लावून रडत होता. तो रडत राहिला, गाणं संपलं आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. बाया डोळे पुसत होत्या. राजरत्नही रडत होता.

बाहेर चहा घेताना दादांनी प्रीतीला बाजूला घेतलं. "ती गात होती गं. तिथं माझं तोंड कशाला दाखवलंस?"

प्रीती गोंधळली. "काका, तोच तर फिल्मचा सगळ्यात मोठा क्षण आहे. लोकांना त्यात तुमचं प्रेम दिसतं."

"दिसत असेल," दादा म्हणाले. "पण ती तेवढीच तर आहे. त्यातली अर्धी तू कापलीस."

प्रीतीनं त्यांचा हात धरला आणि तेवढ्यात कोणीतरी तिला फोटोसाठी ओढून नेलं. दुसऱ्या दिवशी तिनं पूर्ण क्लिप दादांच्या मोबाइलवर पाठवली. खाली लिहिलं होतं, "सॉरी काका." दादांनी ती इतक्या वेळा लावली, की भीमाबाई मान कधी वळवणार हे त्यांना आधीच कळायचं, आणि मग त्यांनी लावणं कमी केलं. पुढं काय होणार ते माहीत असलं की बाई जिवंत वाटत नव्हती.

त्यानंतर खोलीत कोणी आलं नाही.

पहिले काही दिवस दादांनी सवयीनं दाढी केली. मग त्यांना आठवायला लागलं. फिल्ममध्ये न आलेलं कितीतरी. त्यांनी फोन लावला.

"प्रीती, एक राहिलं बघ. बाई गाण्याआधी खडीसाखर तोंडात धरायची. ते मी बोललोच नाही."

"अरे वा," पलीकडून प्रीती म्हणाली. "छान आहे काका. पण आता फिल्म लॉक झालीय ना."

"लॉक म्हणजे?"

"म्हणजे आता त्यात काही बदलता येत नाही."

"अच्छा. नाही, म्हटलं सांगावं."

ती नेहमी फोन उचलायची, हे खरं. औषधं घेता का, जेवलात का, सगळं विचारायची. फिल्म केरळला दाखवली, दिल्लीला दाखवली, तिथं लोक उभे राहिले, हे सांगायची. "येईन काका, एकदा निवांत येईन," म्हणायची. दादा म्हणायचे, "ये. घाई नाही." आणि फोन ठेवल्यावर तो हातातच धरून बसून राहायचे.

एकदा तिनं फोन उचलला नाही, म्हणून त्यांनी सलिलला लावला. सलिल म्हणाला, "मॅडम शूटमध्ये आहेत काका. नवीन फिल्म. डोंबिवलीच्या पुढं, शीळ रोडच्या आत गावात. एक धवळारीण आजी आहेत, आगरी लग्नातली गाणी गातात. हा आठवडा आम्ही इथंच आहोत, पुढं येऊन-जाऊन करू."

दुसऱ्या दिवशी दादांनी सुकटीची चटणी केली, डब्यात भरली आणि निघाले. डोंबिवलीला उतरून रिक्षा केली. टोलेजंग इमारतींच्या मधे गाव तसंच राहिलं होतं. चौकात विचारल्यावर एका माणसानं हात दाखवला, "शूटिंगवालं घर? ते काय."

ओटीवर एक जाडजूड, काळीसावळी म्हातारी बसली होती. धाकूबाई. नाकात नथ, केसांत अबोली. समोर जमिनीवर मांडी घालून प्रीती. सलिल कॅमेऱ्यामागं. दादा फाटकाशी पोचले तेव्हा प्रीती म्हणत होती, "आजी, तुम्ही फक्त बोला. आम्ही नाहीच इथं असं समजा."

दादा जागच्या जागी थांबले. त्यात वाईट काही नव्हतं. तिचं कामच ते. पण तोच आवाज, तीच मान थोडी वाकडी करून बघण्याची तऱ्हा. त्यांना वाटलं होतं, ते फक्त कळव्याच्या खोलीतलं आहे.

प्रीतीनं त्यांना पाहिलं. तिचा चेहरा खरोखर उजळला. ती धावत फाटकापाशी आली. "काका! तुम्ही कसे इथं? बसा ना, बसा. फक्त थोडं शांत लागेल हं, टेक चालू आहे."

दादा पायरीवर बसले. धाकूबाई गायला लागली. तेवढ्यात दादांना खोकला आला. त्यांनी तोंडावर रुमाल दाबला, तरी थांबेना. धाकूबाई गाता गाता थांबली. सलिलनं कॅमेऱ्यावरून मान काढली आणि परत घातली.

"परत घेऊया आजी," प्रीती म्हणाली. दादांकडं बघून हसली, पण ते हसू पाहुण्यासाठी असतं तसं होतं.

थोड्या वेळानं दादांनी डबा ओटीच्या कडेला ठेवला आणि कोणाला न सांगता उठले. संध्याकाळी प्रीतीचा फोन आला. दादांनी पहिल्यांदाच तिचा फोन उचलला नाही.

पण त्या म्हातारीचा विचार काही जाईना. आज तिच्या ओटीवर माणसं आहेत, उद्या नसतील. मग ती फाटकाकडं बघत बसेल. तिला कोणी सांगणारं आहे का? दोनेक महिन्यांनी सलिलकडून कळलं, की तिकडचं शूटिंग संपलं. तेव्हा दादा पुन्हा डोंबिवलीला गेले.

धाकूबाई ओटीवर वाल सोलत होती. तिनं डोळे बारीक केले.

"तूच तो खोकलनारा ना? आन् चटनीवाला. बस. पानी आनतंय."

ती उठेपर्यंत आतून एक सून पाणी घेऊन आली. मागून दोन पोरं. माजघरात कोणीतरी मिक्सर लावला होता. एक मुलगा मोटरसायकल पुसत होता आणि आजीला काहीतरी ओरडून विचारत होता. दादा घोट घोट पाणी पीत राहिले. काय बोलावं ते वाटेत ठरवलं होतं, ते आता या भरल्या घरात जुळेना.

"म्हटलं विचारावं," ते म्हणाले. "शूटिंगवाले गेले. आता तुम्हाला सुनं सुनं वाटत असेल."

"सुनं?" धाकूबाईनं वालाची साल पोराच्या दिशेनं उडवली. "बरा झाला गेले. पोरगी गोड हाय, पन पंखा बंद, टीवी बंद, नातवंडं बाहेर. घामानं जीव गेला माजा. गाना सांग, परत सांग, इकरं बघून सांग."

दादांना हसू आलं. मग ते हसू राहिलं नाही. पंखा त्यांच्याकडंही बंद असायचा. त्यांना कधी उकडलं नव्हतं.

म्हातारीनं हातातलं काम थांबवलं. "तुला वाटतंय कं सुनं?"

दादांनी होय म्हणून मान हलवली.

"घरा कोन कोन हाय?"

"मी."

"रांधतं कोन?"

"मीच."

"मंग ती पोरगी यायच्या आदी पन तू एकलाच व्हतास ना?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात कीव नव्हती, बाजारात भाव विचारावा तसं विचारलं होतं. "तिनं काय नेलं तुजं? ती आली तवा तू जरा इसरलास, येवढाच."

दादा तिच्या हातांकडं, ताटातल्या सोललेल्या वालांकडं बघत राहिले. प्रीतीवरचा राग त्यांनी कितीतरी दिवस धरून ठेवला होता, पण तो आता कुठं लावावा ते कळत नव्हतं. भीमाबाई गेल्या त्या दिवसापासूनची ती शांतता होती. पोरीनं फक्त मधे थोडा वेळ दार उघडं ठेवलं होतं.

धाकूबाईनं त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना म्हणाली, "वैशाखात नातीचं लगीन हाय. हळद दुपारची. ये."

घरी आल्यावर दादांनी प्रीतीला फोन केला. तिनं लगेच उचलला. "काका, तुम्ही रागावलात ना माझ्यावर?"

"रागावलेलो," ते म्हणाले. "आता नाही. तू तुझं काम कर. कधी वेळ मिळाला तर ये, नाहीतर राहू दे." आठवणीतलं नवीन काही त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही. ती म्हणाली, "येते काका." या वेळी ते दाढी करून बसले नाहीत.

वैशाखात ते हळदीला गेले. मांडवात सगळी अनोळखी माणसं, लाऊडस्पीकर, पिवळे हात, धावणारी पोरं. धाकूबाई आत बायकांच्या घोळक्यात होती. तिचा आवाज येत होता, ती दिसत नव्हती. दादा कडेच्या खुर्चीत बसले. बाजूच्या माणसानं पाण्याचा ग्लास पुढं केला.

"तुम्ही कोणाकडचे?"

दादांनी जरा विचार केला. "धाकूबाईनं बोलावलंय."

"मग इथं मागं का बसलात? पुढं या," म्हणत तो माणूस त्यांच्यासाठी खुर्ची उचलून निघालासुद्धा. दादा त्याच्या मागोमाग गेले. गाणं चालूच होतं. त्यातले शब्द त्यांना नीट कळत नव्हते. जेवणाची पंगत बसेपर्यंत ते ऐकत राहिले, आणि मग उन्हं उतरायच्या आत कळव्याला परतले.