न फुटलेली टिक्की

आईच्या दुधी-गाजराच्या टिक्क्या तव्यावर रोज फुटायच्या आणि तो लगदा पाहून धाकटी उपाशीच शाळेत जायची.

"ताई, पोरीला चारा घालतेस होय?" पाहुणा म्हणून आलेला आईचा भाऊ चिडवायचा.

मीठ शेवटी पडतं म्हणून भाजीचं पाणी तव्यावर सुटतं, हे आईला काल उमगलं. आज तिने कीस आधी मिठात मुरवला, घट्ट पिळला आणि मगच पिठात कालवला.

टिक्की अखंड उलटली.

धाकटीने नाक मुरडतच कडेचा तुकडा मोडला. कुर्रकन आवाज झाला. बघता बघता तिने दुसरी संपवली, तिसरी उचलली. मामाने हात पुढे करताच तिने ताटली पोटाशी ओढली.

"मामा, तू बिस्कीट खा!"

आईने ऐटीत पुढच्या टिक्क्या तव्यावर सोडल्या.