बोटभर जागेतले धागे

रेशमाची शेवटची कांडी संपली तेव्हा शाल अजून अर्धा हात बाकी होती. तिने टोपलीत हात घालून पाहिला, टोपली उलटी करून पाहिली, मागाखाली वाकून पाहिलं. गुडघे तेवढे कुरकुरले. लाल रेशीम कुठेच नव्हतं.

"जन्मभर काटा मारलात," ती म्हणाली, "शेवटच्या शालीलाही सोडलं नाहीत."

हे खिडकीजवळ खाटेवर पडलेल्या नवऱ्याला होतं. तो रंगारी. मंजिष्ठेच्या मुळांचा लाल चढवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि चिकटपणातही नव्हतं. शालीला लागेल तेवढंच रेशीम तो रंगवायचा, वर एक लडी म्हणून नाही. पाच महिन्यांपूर्वी हे लाल वाळत घातलं आणि त्याच आठवड्यात त्याचं उजवं अंग गेलं. जीभही जड झाली. तेव्हापासून त्याला भरवायचं, पुसायचं, कूस बदलून द्यायची आणि उरल्या वेळात मागावर बसायचं. दुकानवाल्या बाईंना ही एवढी शाल दिली की माग मोडायचा, असं तिने ठरवलं होतं. मग दुपारी जरा आडवं व्हायचं. बाकी तिला काही नको होतं.

सुनेने तीच मुळं, तीच तुरटी, तेच भांडं घेऊन दोन दिवस खपून नवी लडी रंगवली. शालीशेजारी धरली तर विटेसारखी दिसली.

"आई, जवळजवळ तसाच आलाय ना?"

"जवळजवळ म्हणजे नाही. बाईंना पट्टा दिसला की शाल परत आपल्याच दारात."

सुनेचं तोंड एवढंसं झालं. मुळांचा रंग दोनदा सारखा येत नाही, त्यात पोरीचा काय दोष? पण तेवढं सुनेला सांगण्याचंही तिच्यात त्राण नव्हतं.

"ठोकलीस," खाटेवरून आवाज आला.

"काय?"

"फणी. जोरात ठोकलीस." एकेका शब्दाला तो दम घेत होता. "रोज ऐकत होतो."

प्रत्येक आडव्या धाग्यानंतर फणी ओढून तो धागा बसवायचा असतो. जोर जास्त झाला की धागे दाटीने बसतात आणि रेशीम जास्त खातात. ही नवशिक्या पोरींची चूक, आणि हिची मागावर तीस वर्षं गेलेली. मागावर गुंडाळलेली शाल तिने रागारागाने उलगडली आणि टाचणीच्या टोकाने धागे मोजले. सुरुवातीला बोटभर जागेत चाळीस. इकडच्या टोकाला अठ्ठेचाळीस. परत मोजले. अठ्ठेचाळीसच. हाताला कापडही कडक लागत होतं, आणि ते इतके दिवस तिला कळलं नव्हतं.

"कधीपासून?"

"शाल दीड हात झाली होती. डॉक्टर येऊन गेले त्या दिवशी. हात परत येणार नाही म्हणाले."

तिला ती दुपार आठवली. डॉक्टरांना दारापर्यंत पोचवून ती सरळ मागावर बसली होती. डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आपण धीराच्या आहोत, असंही तिला वाटलं होतं.

"मग तेव्हाच सांगायला काय तोंड शिवलं होतं?"

त्याने मान तिच्याकडे वळवली.

"राग माझ्यावर होता. म्हटलं, फणीवर निघतोय. निघू दे."

सून भांडं उचलून बाहेर गेली. सासू मागावर बसल्या जागीच पाच महिन्यांचं रडली.

"कंटाळलेय हो मी," ती म्हणाली. "तुमचासुद्धा कंटाळा आलाय."

"माहीत आहे."

पदराने तोंड पुसून तिने दाट विणलेला भाग हाताने मापला. अडीच हात उसवायचं. तेच रेशीम चाळीसच्या हिशेबाने बसवलं तर तीन हात होईल, म्हणजे शाल पुरी.

"पुरेल," तो म्हणाला. त्याचं गणित आधीच झालं होतं. त्याने दिलेलं रेशीम धाग्याला धागा बरोबर होतं, याचा तिला आणखीच राग आला.

सुनेने कांडी भरायचा रहाट खाटेला लावला, मूठ त्याच्या डाव्या हाताकडे करून. सासू एकेक धागा शालीतून सोडवून द्यायची, तो मूठ फिरवायचा. पहिल्याच दिवशी त्याने तीनदा धागा तोडला.

"हळू. गाडी चुकत नाहीये तुमची."

उसवायला सहा दिवस गेले. तिची पाठ कामातून गेली, त्याच्या डाव्या तळव्याला फोड आले. सातव्या दिवशी सकाळी त्याला भरवून ती पुन्हा मागावर बसली. आडवा धागा घेऊन धोटा सरकला, फणी आली, मऊ आवाज झाला. तो डोळे मिटून ऐकत होता.

"राग गेला वाटतं," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"राग आहे तिथेच आहे. दमलेय फक्त."

तो अर्ध्या तोंडाने हसला. "मग चाळीस बसतील," म्हणाला.