हाडकीच्या वहीत नसलेलं नाव

"शंख घ्या, शिंगं घ्या, कान घ्या गोड,
ऊठ गं आळशे, अंथरूण सोड!"

सात वर्षं झाली हा आवाज थांबून. एवोदिओ पाववाला रोज सकाळी सहाला माझ्या खिडकीखालून जायचा. डोक्यावर सायकलच्या चाकाहून रुंद टोपली, तिच्यात शंखाच्या, शिंगाच्या, कानाच्या आकाराचे गोड पाव, आणि दोन्ही हात सोडून चालवलेली सायकल. ते गाणं त्याचं स्वतःचं. मला उद्देशूनच होतं, कारण गल्लीतली सगळ्यात आळशी मीच. एका ऑक्टोबरात ते गाणं मध्येच तुटलं. "कान घ्या" एवढं आलं आणि पुढचं आलं नाही. चौकशीला आलेल्या माणसांना मी सांगितलं, मी झोपले होते.

मी सान लुकास अतेनपा या आमच्या गावच्या शाळेत चौथीला शिकवते. मेलेल्यांचा सण जवळ आला की बावीस वर्षं मी फळ्यावर तीच दोन वाक्यं लिहिते. वेदी मेलेल्यांची. कवटी जिवंतांची. वेदी म्हणजे झेंडूच्या फुलांनी भरलेल्या पायऱ्या. गेलेल्यांचे फोटो, त्यांच्या आवडीचं खाणं, पाण्याचा पेला, कारण लांबून येतात बिचारे, तहानलेले असतात. कवटी म्हणजे गाणं. हाडकी, म्हणजे मृत्यू, गावात येते आणि चांगल्या धडधाकट माणसाची खोडी काढत त्याला न्यायला बघते. ज्याच्यावर कुणी कवटी लिहीत नाही तो वर्षभर रुसून बसतो. आपण कुणाच्या खिजगणतीतच नाही, असं त्याला वाटतं.

टाळ्या वाजवून मी मुलांना ठेका शिकवते. यंदा तादेओनं हेडमास्तरांवर लिहिलं आणि वर्ग बाकांवरून खाली पडायचा बाकी राहिला:

"हाडकी आली शाळेत,
म्हणे, मास्तर, निघा ना!
मास्तर म्हणे, मीटिंग आहे,
दोन तासांनी बघा ना!"

हसणं ओसरलं तेव्हा मागच्या बाकावरून ब्रिसेइदा उभी राहिली. दहा वर्षांची, एवोदिओची मुलगी. बाप नाहीसा झाला तेव्हा तीन वर्षांची होती. तिच्या हातात एक सोनेरी फ्रेम होती, आत बापाचा फोटो.

"बाई, हा हेडमास्तरांनी दिला. वेदीवर ठेव म्हणाले. मग बाबांवर कवटी लिहायची नाही का?"

मुलांना नियम पाठ होता. मलाही होता.

"मी विचारून सांगते," मी म्हणाले. बावीस वर्षांत मी मुलांना असं उत्तर कधी दिलं नव्हतं.

हेडमास्तर फिदेन्सिओ वाईट माणूस नाही, घाबरट आहे. दार लावून घेत म्हणाला, "एर्लिंदाबाई, नगरपालिकेनं फ्रेमा पाठवल्यात. आपल्या गावच्या हरवलेल्या सहाही जणांच्या. सणाच्या आदल्या दिवशी नगराध्यक्ष येणार. फोटो वेदीवर ठेवायचे, घरच्यांनी कागदावर सही करायची, की माणूस मेला असं धरून शोध बंद. सगळ्यांना शांती."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"बाई, मला पेन्शनीला दोन वर्षं उरलीत."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दोमितिला आली, ब्रिसेइदाची आई. कोपरापर्यंत पीठ. नवऱ्याची भट्टी आता तीच चालवते, फक्त गाणं म्हणत नाही. अंगणात वेदीच्या पायऱ्या रचून झाल्या होत्या. तिसऱ्या पायरीवर सोनेरी फ्रेममध्ये एवोदिओ हसत बसला होता.

"हा माणूस इथं काय करतोय?"

"दोमितिलाताई, बसा ना," हेडमास्तर म्हणाला. "हे बघा, फ्रेमसुद्धा नगरपालिकेचीच आहे..."

"फ्रेम तुम्हीच ठेवून घ्या, गुरुजी. तुमच्या फोटोला लागेल." तिनं फोटो काढून कमरेला खोचला, फ्रेम त्याच्या हातात दिली.

"सात वर्षं झाली, ताई. त्याच्या आत्म्याला..."

"माझ्या नवऱ्याला मेला म्हणणारे तुम्ही कोण? मातीत हात घालून बघितलंत? मी बघितलंय. सहा डोंगर खणले आम्ही बायकांनी. दुसऱ्यांची लेकरं सापडली, माझा नाही सापडला."

मग ती माझ्याकडे वळली. पिशवीतून तिनं साखरेची कवटी काढली. असल्या कवट्या आम्ही जिवंत माणसाला त्याच्या नावानं भेट देतो. हिच्या कपाळावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, एवोदिओ.

"दरवर्षी करवून आणते. तो खायला येत नाही, म्हणून आम्ही मायलेकी फोडून खातो. यंदाही खाऊ." जरा थांबून ती म्हणाली, "सायकल तुमच्याच खिडकीखाली पडली होती ना, बाई?"

"हो."

"आणि तुम्ही झोपला होतात."

तिनं विचारलं नव्हतं, नुसतं म्हटलं होतं. तरी मी मान डोलावली. ती निघून गेल्यावर माझ्या बाहीवर तिच्या पिठाचा एक ठिपका उरला. तो मी दिवसभर झटकला नाही.

त्या संध्याकाळी ब्रिसेइदा शाळा सुटल्यावर वर्गात थांबली. कागदावर खूप खाडाखोड होती. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवत एकेक ओळ ठेक्यात बसवली. एका जागी ती अडली.

"बाई, 'प्रेत' शब्द चालेल?"

"ठेक्यात बसतो का?"

तिनं टाळी वाजवून बघितलं. "बसतो."

"मग चालेल."

कवट्या आधी हेडमास्तरांना दाखवायच्या होत्या. सगळ्यांच्या दाखवल्या, हिची नाही. यादीत शेवटी मी माझं नाव घातलं: एर्लिंदाबाई, स्वरचित.

सणाच्या आदल्या दिवशी अंगणात कातरलेले रंगीत कागद फडफडत होते, धूप जळत होता, मक्याच्या गरम पेजेचं पातेलं वाफा सोडत होतं. नगराध्यक्ष पुढच्या खुर्चीवर, शेजारी नगरपालिकेच्या पोलिसांतले दोन शिपाई. वेदीवर पाच फोटो. एक जागा रिकामी. मुलांनी एकेकाची टर उडवली. तादेओच्या कवटीला नगराध्यक्ष मांडीवर थाप मारून हसले, हेडमास्तरही घाम पुसत हसला. मग माझं नाव पुकारलं गेलं, आणि उठली ब्रिसेइदा.

"बाईंच्या जागी मी म्हणते," ती म्हणाली. हात मागे बांधून, जसं मी शिकवलं होतं तसं.

"हाडकी आली गावात,
वेशीवरच थबकली,
एवोदिओ पाववाला
शोधून शोधून थकली.

नदी शोधली, डोंगर शोधला,
शोधलं एकेक शेत,
कुठल्याच मातीत सापडेना
माझ्या बाबांचं प्रेत.

मग चढली कचेरीची पायरी,
म्हणाली, साहेब, ऐका,
मेलेल्यांच्या यादीत याचं
नाव लिहिलंत का?

माझ्या हातून गेला नाही,
माझ्या वहीत नाव नाही,
ज्यानं नेला त्यानं द्यावा,
मला त्याची हाव नाही!"

टाळी कुणीच वाजवली नाही. फक्त तादेओ, त्याला राहवेना, त्यानं एक वाजवली आणि हात मांडीखाली घातले.

"पोरी, खाली बस," हेडमास्तर पुटपुटला.

"नाही बसणार. अजून नमस्कार करायचाय." आणि तिनं वाकून नमस्कार केला. वेदीला नाही, फाटकाकडे. फाटकाशी दोमितिला उभी होती, साखरेची कवटी दोन्ही हातांत धरून.

नगराध्यक्ष उठले. आवाज अगदी मऊ. "छान म्हटलंस हं, बाळ. पण गाणं वेगळं आणि पुरावा वेगळा. आम्ही घरोघर विचारलं होतं. त्या सकाळी कुणी काही पाहिलं नाही. खरं ना, मंडळी?"

मंडळी पेजेच्या पेल्यांत बघत होती. ब्रिसेइदानं माझ्याकडे बघितलं. पोर नुसती वाट बघत होती, फळ्यावर पुढची ओळ येण्याची वाट बघतात तशी. कुणाला वेदी आणि कुणाला कवटी हे बावीस वर्षं मीच शिकवत आले, आणि सात वर्षं एका जिवंत माणसाला मेलेल्यांत ढकलायला माझं गप्प बसणं पुरेसं झालं होतं.

मी उठले.

"खरं नाही," मी म्हणाले. "मी झोपले नव्हते."

हेडमास्तरानं माझा पदर धरावा तशी माझी शाल धरली. "बाई, बाई, खाली बसा."

"सोड रे. दोन वर्षांनी तुला पेन्शन मिळेल, मला नाही मिळाली तरी चालेल." मी दोमितिलाकडे वळले, कारण हे तिलाच सांगायचं होतं. "तो 'कान घ्या' म्हणाला आणि थांबला, म्हणून मी पडदा सरकवला. निळी गाडी होती, दोमितिला. नगरपालिकेच्या पोलिसांची. दारावर सतरा आकडा. चौघे होते. एवोदिओ त्यांना म्हणत होता, टोपली तरी खाली ठेवू द्या, पाव गरम आहेत. त्यांनी त्याला मागं बसवला. तो बसला तेव्हा जिवंत होता. मी बघितलाय, चांगला जिवंत होता."